उणे दहा ते चव्वेचाळीस

कॅनबेराच्या हवामानाचे दोन आकडे मला पाठ आहेत. ११ जुलै १९७१ रोजी विमानतळावरच्या केंद्रात पारा उणे १० अंशांवर उतरला होता आणि ४ जानेवारी २०२० रोजी तो ४४ वर चढला. ही टोकं रोज गाठली जात नाहीत हे खरं, पण जुलैतली उणे पाचची पहाट आणि जानेवारीतली अडतीसची दुपार यांची इथे बातमीसुद्धा होत नाही. माणसाला हीटर आहे, एसी आहे, अगदीच झालं तर जुलैत पुण्याचं तिकीट आहे. झुडपाला मात्र जिथे लावलं तिथेच उभं राहून दोन्ही काढावं लागतं.

आणि या गावात झुडपांचं महत्त्व जरा जास्तच. कॅनबेरा हे बागेसारखं शहर करायचं म्हणून घरांच्या समोरच्या बाजूला भिंती आणि कुंपणं नकोत, असा दंडक पूर्वीपासून आहे. रस्त्यावरून घरात डोकावणाऱ्या नजरेला अडवायचं तर झाडोराच हवा. त्यामुळे नवं घर घेतलेलं मराठी जोडपं पहिल्या दिवाळी-फराळाला आलं की चकली संपायच्या आत विषय बागेवर येतो. ‘‘काकू, मेंटेनन्स नको बुवा. सरळ नेटिव्ह लावून टाकतो. ती काय, आपोआप जगतात ना?’’

नेटिव्ह म्हणजे ऑस्ट्रेलियाची मूळची झाडं, पण कुठली? माझा प्रश्न नेहमी एवढाच असतो.

ऑस्ट्रेलिया हा म्हणायला एक देश, पण जमिनीच्या हिशेबाने अख्खा खंड. उत्तरेला केप यॉर्कची पावसाळी जंगलं, पश्चिमेला पर्थच्या आसपासची पांढरी वाळू, मध्ये लाल वाळवंट आणि आमच्या दक्षिणेला, गाडीने दोन-तीन तासांवर, बर्फ पडणारे स्नोई माउंटन्स. या सगळ्याला नर्सरीतल्या पाटीवर एकच शब्द: नेटिव्ह. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरचं झुडूप कॅनबेरात आणून ‘इथलंच तर आहे’ म्हणणं म्हणजे आंबोलीचं झाड जैसलमेरला लावून ‘भारतीयच आहे की’ म्हणण्यातला प्रकार.

ग्रेव्हिलिया हा इथल्या नेटिव्ह झाडाझुडपांचा एक मोठा गट, आणि ‘रॉबिन गॉर्डन’ हे त्यातलं ऑस्ट्रेलियातलं बहुधा सर्वांत लाडकं वाण. तांबडे, ब्रशसारखे फुलांचे घोस, आणि तेही जवळजवळ बारा महिने. सिडनीत, ब्रिस्बेनमध्ये बघावं तिकडे हेच. क्वीन्सलंडमधल्या ग्लेनमॉर्गनजवळच्या डेव्हिड गॉर्डन यांच्या मायल पार्कमध्ये हा संकर आपसूक उगवला आणि त्यांनी त्याला आपल्या मुलीचं नाव दिलं. आता याचे आईबाप बघा. एक क्वीन्सलंडच्या किनारपट्टीचा ग्रेव्हिलिया बँक्सी, दुसरा पर्थकडच्या टेकड्यांवरचा बायपिनाटिफिडा. दोघांच्याही घराण्यात उणे सात कुणी पाहिलेलं नाही. मग पोराने कॅनबेराच्या जुलैत दम काढावा ही अपेक्षा कशाच्या जोरावर? उत्तरेकडच्या भिंतीच्या उबेला लावलं तर तग धरतं कधी कधी. उघड्यावर लावलं तर हिवाळा संपता संपता त्याचा रंग चहाच्या चोथ्याचा.

लेबलवर मात्र ‘फ्रॉस्ट हार्डी’, म्हणजे गोठणाऱ्या दंवाला टिकणारं, असं लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण कुठल्या गावच्या फ्रॉस्टला हार्डी हे तिथे लिहिलेलं नसतं. म्हणून मी लेबलावरचं विशेषण वाचतच नाही. झाडाचं मूळ गाव शोधते. ते गाव समुद्रसपाटीपासून किती उंच, किनाऱ्यापासून किती आत, तिथली माती वाळूची की चिकण, पाऊस हिवाळ्यात पडतो की उन्हाळ्यात, एवढं कळलं की निम्मं काम झालं. संकरित वाण असेल तर हीच चौकशी दोन्ही बाजूंची. लग्न जमवण्यापूर्वी आपल्याकडे जेवढी विचारपूस होते, तेवढी इथे झुडपाच्या बाबतीत करावी असं माझं मत आहे.

आता फ्रॉस्टबद्दल. आपल्याकडे गोठलेलं दंव बघायला लोक महाबळेश्वरला जातात. जानेवारीत एखाद्या सकाळी ‘वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठले’ ही बातमी आणि गाडीच्या टपावरच्या पांढऱ्या पापुद्र्याचा फोटो ठरलेला. त्या बातमीत एक गंमत असते. हवेचं तापमान चार-पाच अंश सांगितलेलं असतं, मग बर्फ झाला कसा? तर मोकळ्या, निवांत रात्री जमीन, गवत, पानं, गाडीचा पत्रा आपली ऊब सरळ आकाशाला देऊन टाकतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त गार होतात. वेधशाळेचा तापमापक साधारण सव्वा मीटर उंचीवर, लाकडी पेटीत सावलीला असतो. आपलं नवं रोप असतं जमिनीलगत, वीतभर उंचीचं. त्याच्या वाट्याला बातमीतल्या आकड्यापेक्षा तीन-चार अंश कमीच येतात.

थंड झालेली हवा जड होते आणि उतारावरून सावकाश खाली सरकते. म्हणून रात्री ब्लॅक माउंटनचा माथा तळ्याकाठापेक्षा उबदार असू शकतो, आणि टगरनाँगच्या खोऱ्यात राहणारे गाडीची काच खरवडत असतात तेव्हा टेकडीवरचे लोक निवांत चहा पीत असतात. एकाच अंगणातसुद्धा हा हिशेब चालतो. उताराला आडवं दाट कुंपण घातलं की वरून येणारी गार हवा त्याच्या मागे तुंबते आणि तिथली झाडं इतरांपेक्षा आधी करपतात. अशा ठिकाणी कुंपणाला खालून हवा जायला फट ठेवली तर फरक दिसतो.

दिशांचा घोळ वेगळाच. आपल्या डोक्यात दक्षिण म्हणजे ऊन. इथे सूर्य उत्तरेला. म्हणजे उत्तरेकडची भिंत उबदार, दक्षिणेची कायम सादळलेली. पण नाजूक झाडांना सर्वांत वाईट बाजू बहुतेकांना सुचत नाही, ती पूर्वेची. पहाटे गोठलेल्या पानावर सात-साडेसातला थेट ऊन पडलं की पान झपाट्याने वितळतं आणि त्या घाईत जास्त इजा होते. तेच पान सावलीत हळूहळू सुटं झालं तर पुष्कळदा वाचतं. ‘कोवळं ऊन झाडांना चांगलं’ ही आपल्याकडची समजूत कॅनबेराच्या जुलैत सोडून द्यावी लागते. (कढीपत्त्याला यातलं काहीच लागू नाही. त्याची कुंडी मे महिन्यात घरात येते आणि मेलबर्न कपपर्यंत हॉलमध्ये सोफ्याशेजारी बसते. नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारच्या त्या घोड्यांच्या शर्यतीच्या आत इथले जुने लोक टोमॅटोही बाहेर लावत नाहीत.)

पानाच्या आत नेमकं काय होतं हे समजल्यावर माझी झुडपं निवडायची रीतच बदलली. बर्फ सहसा पेशीच्या आत होत नाही. तो आधी पेशींच्या मधल्या पोकळ्यांत होतो, आणि एकदा झाला की पेशीतलं पाणी बाहेर ओढत राहतो. पेशी आतून कोरडी पडते. म्हणजे झाड थंडीने मरतं असं आपण म्हणतो, पण त्यातला मोठा भाग तहानेचा असतो. जानेवारीत वायव्येकडून, खंडाच्या पोटातून येणारा तापलेला वारा दुसरं काय करतो? तोही पानातलं पाणीच ओढतो. त्यामुळे जी पानं तहानेसाठी घडली आहेत, म्हणजे लहान, जाड, मेणचट, लव असलेली, त्यांच्या अंगी बरेचदा थंडीचीही सोय असते. बरेचदा म्हणते, नेहमी नाही. पर्थच्या वाळूतली कितीतरी झुडपं उन्हाला खंबीर असतात आणि पहिल्याच कडक फ्रॉस्टला मान टाकतात, कारण समुद्राने त्यांना सांभाळलेलं असतं. या उलट वाळवंट. ॲलिस स्प्रिंग्ज म्हटलं की आपल्याला भाजणारी लाल माती दिसते, पण तिथे जुलैतल्या पहाटे पारा शून्याखाली जातो. समुद्र दूर, आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसा आलेली ऊब रात्री थांबत नाही. तिथल्या झुडपांना दोन्ही टोकं घरचीच.

म्हणून एरेमोफिलाचा मला इतका लोभ. या कुळात दोनशेहून अधिक जाती आहेत, बहुतेक खंडाच्या कोरड्या अंतर्भागातल्या. इमू फळं खातो म्हणून लोक याला इमू बुश म्हणतात. त्यातली एरेमोफिला मॅक्युलाटा ही आमच्या मातीला साजेशी, कारण ती मुळात पुराच्या पाण्याने भिजणाऱ्या चिकणमातीच्या मैदानांवरही वाढते. मेंढपाळांचा तिच्यावर राग, कारण पानांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. बागेत मेंढ्या नसल्याने आपल्याला काही अडचण नाही. फूल नळीसारखं, आत ठिपके, आणि ठिपके बघायला फूल बोटाने थोडं उलटं करावं लागतं.

याच कुळातली नाजूक बाई म्हणजे एरेमोफिला निव्हिया. पश्चिम ऑस्ट्रेलियातली, रानात आता दुर्मीळ. अंगभर पांढरी मखमल आणि त्यावर फिकट जांभळी फुलं. नर्सरीत ही दिसली की कुणाचाही हात पुढे जातो. थंडी तिला चालते, ऊन तर चालतंच. तिला मारतो तो हिवाळ्यातला ओलावा. गार, चिकण मातीत पाणी थांबलं की मुळं कुजतात, आणि कळतं ते थेट उन्हाळ्यात, एका आठवड्यात झाड वाळल्यावर. मग दोष उन्हाला दिला जातो. इथल्या बागांतले निम्मे ‘उष्माघात’ असे हिवाळ्यात झालेले असतात. यावर उपाय दोन. एक, मातीचा हातभर उंच ओटा करून त्यावर लावणं. दुसरा, कलम. निव्हियाची काडी मायोपोरमच्या दणकट खुंटावर बांधतात, मग मातीशी मायोपोरम बघून घेतो.

रायवळच्या कोयीवर हापूसची काडी बांधलेली बघत जे मोठे झाले, त्यांना हे समजवायला लागत नाही. पुदिन्याच्या कुळातल्या प्रोस्टँथेराची कलमं वेस्ट्रिंजिया या किनाऱ्यावरच्या दणकट झुडपावर करतात, आणि नखरेल ग्रेव्हिलियांची सिल्व्हर ओकवर. हो, तोच सिल्व्हर ओक. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला या नावाने आधी राजकारण आठवतं, पण कूर्गच्या कॉफीमळ्यांत सावली धरणारं आणि मुन्नारच्या चहाच्या मळ्यांतून सरळसोट उभं असलेलं ते झाड ग्रेव्हिलियाच आहे, ग्रेव्हिलिया रोबस्टा, पूर्व ऑस्ट्रेलियातलं. फक्त एक ध्यानात ठेवायचं. कलमाने मुळाचा प्रश्न सुटतो, पानाचा नाही. वरची काडी फ्रॉस्टला कच्ची असेल तर खाली कुठलाही खुंट असो, ती करपणारच. कलमी रोपं महाग असतात, म्हणून हे आधी सांगितलेलं बरं.

माझ्या अंगणातला खरा आधार मात्र कोरिया आणि काटेरी ग्रेव्हिलिया. कोरियाचा त्या नावाच्या देशाशी संबंध नाही. कोर्रेया द सेर्रा नावाच्या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञाचं हे नाव. मे-जूनमध्ये सगळी बाग झोपलेली असताना याला फुलं येतात, लांबट घंटेसारखी, खाली तोंड केलेली. कडक फ्रॉस्टच्या सकाळी मी मुद्दाम बाहेर जाऊन बघते. पानाच्या कडेला बर्फाच्या बारीक सुया उभ्या असतात, शिरांच्या खाचांत आणखी बारीक. पान काळपट हिरवं, मलूल, वाटतं संपलं. साडेदहाला तेच पान पुन्हा ताठ. आणि त्या घंटांना लटकून ईस्टर्न स्पाइनबिल मध पीत असतो. वाकडी, टाचणीसारखी चोच, गळ्यावर तपकिरी ठिपका. हा पक्षी हिवाळ्यात डोंगरातून खाली शहरात येतो, आणि बागेत कोरिया असेल तर तुमच्याकडे येतो.

काटेरी ग्रेव्हिलियात ‘कॅनबेरा जेम’ला तोड नाही. ज्युनिपेरिना आणि रोझमॅरिनिफोलिया यांचा संकर, तयारही याच गावात झालेला, म्हणजे इथली थंडी त्याला नवी नाही. उंचीने माणसाएवढं होतं, पानं सुईसारखी, छाटणीला लांब बाह्यांचा शर्ट आणि जाड हातमोजे लागतात. लहान मुलं असलेल्या घरांत लोकांना ते नको असतं. मला वाटतं मुलं एकदा टोचलं की शिकतात. त्या काट्यांच्या आत निळ्या फेअरी-रेन या चिमुकल्या पक्ष्यांचं कुटुंब मांजरांपासून सुरक्षित असतं, हे एकच कारण मला पुरतं. फूल जवळून बघा. कळीत एक बारीक दांडा कमानीसारखा वाकलेला, टोक आतल्या परागांत अडकलेलं. फूल उमललं की टोक सुटतं आणि परागांचा ठिपका घेऊन बाहेर झेपावतं, बरोबर पक्ष्याचं कपाळ येईल त्या उंचीवर. सकाळी फुलांचा घोस तळहातावर झटकला तर मधाचे दोन थेंब पडतात. चाखायला हरकत नाही, मात्र कुणी बघत नसताना.

जमिनीसरपट हवं असेल तर व्हिक्टोरियातल्या ईस्ट गिप्सलंडचे शेतकरी लिओ हॉज यांनी केलेल्या ‘पूरिंडा’ मालिकेतल्या ग्रेव्हिलियांकडे बघावं. त्यातलं ‘रॉयल मँटल’ उतारावर गालिच्यासारखं पसरतं. लोकरी पानांचं ग्रेव्हिलिया लॅनिजेरा हे डोंगरातलं, त्याला फ्रॉस्ट म्हणजे रोजचंच. वेस्ट्रिंजियाबद्दल माझं मत तितकंसं चांगलं नाही. हेजसाठी सगळीकडे तेच लावतात, जगतंही, पण किनाऱ्याचं झाड आहे ते, आणि खोऱ्यातल्या थंड जागी हिवाळ्याअखेर कंटाळलेलं दिसतं. वॉटलविषयी, म्हणजे इथल्या बाभळींविषयी, लिहायला बसले तर हा लेख संपणार नाही. एवढंच सांगते की कूटामुंड्रा वॉटल फुकट मिळालं तरी घेऊ नका. ऑगस्टमधला त्याचा पिवळा बहर बघून मन विरघळतं, पण इथल्या टेकड्यांवर ते आता तण म्हणून उपटलं जातं. जेमतेम दीडशे किलोमीटरवरच्या कूटामुंड्राचं झाड इथे उपद्रवी ठरलं आहे. नेटिव्ह कुठलं, हा प्रश्न असा दोन्ही बाजूंनी कापतो.

खत. इथे मराठी माणूस हमखास घोळ घालतो, कारण आपल्या हाताला शेणखताची सवय. नवं रोप लावलं आणि खड्ड्यात खत घातलं नाही तर पाप लागेल असं वाटतं. ऑस्ट्रेलियाची माती फार जुनी, पावसाने धुऊन निघालेली, तिच्यात स्फुरद अगदी कमी. ग्रेव्हिलिया, बँक्सिया, हाकिया या मंडळींनी त्यासाठी केसाळ मुळ्यांचे दाट झुबके तयार केले आहेत, जे मातीतून स्फुरदाचा कण न् कण ओढून घेतात. अशा मुळांना कोंबडीखत किंवा सुपरफॉस्फेट दिलं की त्यांना थांबता येत नाही. विषबाधा होते, पानं पिवळी पडून कडेने करपतात. त्यांच्यासाठी कमी स्फुरदाचं वेगळं खत मिळतं, तेही चिमूटभर पुरे. शिवाय शरद ऋतूत नत्र दिलं की कोवळी फूट येते आणि पहिल्या फ्रॉस्टला तीच बळी पडते. झाडं थंडीला हळूहळू तयार होत असतात, पेशींत साखर साठवत. त्यामुळे जुलैतलं उणे सहा सोसणारं झुडूप ऑक्टोबरात नवी पालवी आल्यावर उणे दोनला होरपळतं. तेव्हा लगेच कात्री हाती घेऊ नये. करपलेले शेंडे आतल्या डोळ्यांवर पांघरूण धरून असतात. थंडी पुरती गेल्यावर छाटावं.

आच्छादनाचा तिढा मला अजून पूर्ण सुटलेला वाटत नाही. उन्हाळ्यात लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर हवाच, नाहीतर वरच्या थरातल्या त्या झुबकेदार मुळ्या भाजून निघतात. पण तोच थर हिवाळ्यात दिवसाची ऊब जमिनीत शिरू देत नाही आणि रात्री बाहेरही येऊ देत नाही, त्यामुळे त्याच्या वरची हवा उघड्या मातीवरच्या हवेपेक्षा जास्त गार होते. ओली, दाबलेली, उघडी जमीन रात्री रोपाला ऊब देते. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्र जागणारे निफाडचे बागायतदार याच दोन-तीन अंशांसाठी झगडत असतात. मी मधला मार्ग धरला आहे. दणकट झुडपांना बारमाही आच्छादन. कच्च्यांच्या बुंध्याभोवतीचं मे महिन्यात बाजूला ओढायचं आणि नोव्हेंबरात परत. कंटाळवाणं काम आहे, आणि ‘मेंटेनन्स नको’ म्हणणाऱ्यांना मी ते सांगत नाही.

लावायची वेळ म्हणाल तर दणकटांना मार्च-एप्रिल, म्हणजे माती गरम असताना मुळं खोल जातात आणि पुढच्या उन्हाळ्याआधी त्यांना सहा-सात महिने मिळतात. ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांना फ्रॉस्ट संपल्यावर. रोप शक्यतो लहानात लहान घ्यावं, बोटभर नळकांड्यातलं. मोठ्या कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं जमिनीत गेल्यावरही गोलच फिरत राहतात. दुष्काळाला टिकणारं अशी ख्याती असलेलं झाडसुद्धा पहिले दोन उन्हाळे पाणी मागतं, हे लेबलवर कधीच ठळक अक्षरांत नसतं.

आणि विकत घेण्याआधी बघायचं असेल तर ब्लॅक माउंटनच्या पायथ्याशी नॅशनल बोटॅनिक गार्डन्स आहे. १९७० पासून लोकांसाठी रीतसर खुलं, आत जायला तिकीट नाही, फक्त ऑस्ट्रेलियन झाडं आणि प्रत्येकाला पाटी. वसंतात तिथे गर्दी असते. मी नव्या लोकांना जुलैच्या शेवटी जायला सांगते, आणि परत एकदा जानेवारीतल्या उष्णतेच्या लाटेनंतर. दोन्ही वेळा जे झुडूप बरं दिसेल त्याचा फोटो काढायचा, पाटीसकट. नेटिव्ह प्लांट सोसायटीची विक्री तिथल्याच वाहनतळावर वर्षातून दोनदा होते, आणि तिथे रोपं विकणाऱ्या आजी-आजोबांना ते झाड स्वतःच्या अंगणात कसं वागलं हे माहीत असतं. लवकर जावं. नऊच्या पुढे गेलं की निव्हिया संपलेली असते.